क्लॅरिनेटवाल्याची बायको

मी तक्रार करायला वर गेले होते, नाचायला नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझं काम कवळ्या करण्याचं. दंतवैद्य तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून आम्ही साचा करतो, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवतो आणि मग त्याची पक्की कवळी होते. यात पुढचे दात बसवणं सगळ्यांत नाजूक. केसभर इकडचं तिकडे झालं तरी माणूस हसताना भलताच दिसतो. शनिवारी दुपारी लॅबमध्ये मी एकटी असते, फोनही वाजत नाही, म्हणून पुढचे दात मी शनिवारसाठी राखून ठेवते. आणि नेमक्या त्या शनिवारी डोक्यावरचं छत धडधडायला लागलं.

आमच्या वर एक मोठा हॉल आहे. पूर्वी तिथे गालिच्यांचं गोदाम होतं, मग बरीच वर्षं तो नुसताच पडून होता. आता तिथून मोठ्या घोळक्याला एकदम उड्या मारायला लावल्यासारखा आवाज येत होता. माझं टेबल हलत होतं, मेण मऊ होतं आणि कुणा आजोबांचा सुळा हळूहळू शेजारच्या दाताच्या खांद्यावर मान टाकत होता. मी तो सरळ केला. पुन्हा कलला. शेवटी चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि जिना चढायला लागले. काय बोलायचं ते वाक्य जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. चांगलं झणझणीत होतं.

दार उघडंच होतं. आत लाकडी जमिनीवर माणसं गोल करून उभी होती, मध्यभागी कानाला माईक लावलेली, बारीक केस कापलेली एक बाई. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, उशीर झाला तरी काही हरकत नाही, तिकडे जागा आहे, उभ्या राहा. माझ्या अंगावर गुलाबी मेणाचे डाग पडलेला अ‍ॅप्रन होता. तिला तो बहुधा फॅशनचा भाग वाटला असावा. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने गाणं लावलं.

सुरुवातीला फक्त ड्रमवर ब्रश फिरल्याचा आवाज होता. मग क्लॅरिनेट आला.

ते गाणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पण पुढे कुठे श्वास घेतला जाणार, कुठे सूर खालून सरपटत वर येणार, सगळं मला आधीच ठाऊक होतं. माझे बाबा ते वाजवायचे. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. पुढच्या क्षणी एका उंच, टकलू गृहस्थांनी माझा हात हातात घेतला होता, मी त्यांच्या पायावर पाय देत होते, आणि खाली आजोबांचा सुळा त्याच्या मर्जीने जिथे जायचं तिथे जात होता.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं.

ते नाचाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्या काळी गावात नाचाचे दोन-तीन हॉल होते. दिवसा बाबा टायरच्या दुकानात काम करायचे. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी पांढरा कोट घालून, काळी पेटी काखोटीला मारून निघायचे. आई आणि मी बऱ्याचदा बरोबर असायचो. स्टेजच्या डाव्या बाजूला, पडद्याला लागून आमच्या दोन खुर्च्या ठरलेल्या. तिथून मी माणसांचे फक्त पाय पाहत मोठी झाले. चकचकीत बूट, टाचा, गर्रकन फिरणारे घेर, आणि या सगळ्याच्या वर बाबांच्या बुटाचं टोक, ठेका धरून खालीवर होणारं. मला झोप यायला लागली की आई मला तिच्या कोटात गुंडाळायची आणि स्वतः बघत बसायची.

आईला नाचायला कुणी विचारत नसे. बँडवाल्याची बायको होती ती, नवरा वर बसलेला, डोळ्यांसमोर. आणि जो विचारू शकला असता त्याचे दोन्ही हात नि तोंड कामात गुंतलेलं. त्यामुळे त्या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त संध्याकाळी काढलेली बाई कधी जमिनीवर उतरलीच नाही, असं मी धरून चालले होते.

मग नाचाचे हॉल एकेक करून बंद झाले. एकाचं फर्निचरचं दुकान झालं, दुसरा पाडला. बँड फुटला. बाबा कधीमधी लग्नकार्यात वाजवायचे, तेही थांबलं, कारण त्यांचे पुढचे दात गेले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात म्हणजे त्याचं अर्धं वाद्य. त्यांना कवळी करून दिली होती, पण फुंकर घातली की ती सुटायची. बाबा हसून सोडून द्यायचे. मी तेव्हा शाळा संपवून काय करावं या विचारात होते. कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागले ते त्याच खुळापायी. लोकांना वाटतं, कुणीतरी ढकललं असेल. नाही. मला बाबांचे दात करायचे होते.

ते जमायला मला बरीच वर्षं लागली. जेव्हा जमलं, तेव्हा मी त्यांना एक कवळी करून दिली, अगदी मनासारखी. त्यांनी ती घातली, आरशात पाहिलं, पेटी काढली आणि स्वयंपाकघरात उभं राहून वाजवायला लागले. कवळी हलली नाही. पण गाणं अर्ध्यावर आलं आणि त्यांना थांबावं लागलं. भिंतीला टेकून ते म्हणाले, "दात आले, पण दम गेला." आई भांडी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, नळ मात्र बंद केला होता.

बाबा गेल्यावर आमच्या घरात तसलं संगीत वाजलं नाही. रेडिओवर चुकून लागलं तरी आई उठून बंद करायची. मी कारण विचारलं नाही. मला वाटायचं, दुःख असेल, अजून काय असणार. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत आईकडे राहायला आले. आमचं दोघींचं बरं चाललं होतं. ती ऐंशीच्या पुढे, मी साठीला टेकलेली. दोघींना एकमेकींच्या खोड्या पाठ.

तर अशा घरातून मी शनिवारी दुपारी गुपचूप नाचाच्या वर्कशॉपला जायला लागले. आईला सांगितलं, काम वाढलंय.

हा स्विंग नाच जोडीने करायचा असतो. जो चालवतो तो लीड, जो त्याच्या हाताच्या इशाऱ्याने चालतो तो फॉलो. एक पाऊल मागे, मग छोटी छोटी पावलं, गुडघे सैल, अंगात सतत एक हलकी उसळी, जशी चालत्या बसमध्ये उभं राहिल्यावर असते. दर काही मिनिटांनी शिकवणारी टाळी वाजवायची आणि सगळ्यांनी पुढच्या माणसाकडे सरकायचं. त्यामुळे एका दुपारी बारा घरचे हात हातात येतात. कुणाचे घामेजलेले, कुणाचे थंडगार. कुणी आपण काचेचे असल्यासारखं धरतात, तर कुणी दुकानाचं शटर ओढल्यासारखं.

मला वाटलं होतं, मला हे आपोआप येईल. बँडवाल्याची मुलगी मी, पाळण्यात हेच ऐकलेलं. ठेका मला येत होताच. डोक्यात होता, बोटांत होता, मानेतही होता. पायांना मात्र त्याची काही खबर नव्हती. आम्ही बसून मोठी झालेली माणसं. माझे पाय आयुष्यभर खुर्चीखाली दुमडून ठेवलेले होते, आता त्यांना एकदम कामाला जुंपलं तर ते बिचारे एकमेकांकडे बघायला लागले.

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी एक गंमत झाली. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना पोस्टमन म्हणायचे, त्यांनाही ते आवडायचं. नाचताना ते तोंडभर हसले आणि माझं पाऊल जागीच थांबलं. वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा दात मी मुद्दाम किंचित वाकडा बसवते, कारण अगदी सरळ रांग खोटी दिसते. तो दात मी ओळखला. दंतवैद्याकडून आमच्याकडे नुसती मापं येतात, माणसं येत नाहीत. आपण केलेलं हसू समोरून पाहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. पोस्टमननी विचारलं, काय झालं, पाय दुखावला का. मी म्हटलं, नाही, तुम्हाला सफरचंद खाता येतं ना नीट? त्यांना वाटलं, हा नाचातला काही प्रश्न आहे. विचार करून म्हणाले, हो. मग आम्ही पुढे नाचलो.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली. फॉलो करणाऱ्याने वाट पाहायची असते. समोरचा सांगेल तेव्हा वळायचं. आणि मी गाण्याच्या आधीच वळून मोकळी व्हायचे. गाणं कुठे जाणार हे मला समोरच्याच्या आधी कळायचं आणि मी त्याला खेचून न्यायचे. दोन-तीन जणांनी सौम्यपणे तक्रार केली. एकाने खांदा चोळला. शिकवणारीने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता नारळ मिळणार. ती म्हणाली, "तुम्ही लीड का करत नाही? नाहीतरी पुरुष कमी पडतातच."

तोवर मला हे सुचलंही नव्हतं. माझ्या डोक्यात पुरुष चालवतो, बाई चालते, असंच बसलेलं. पण त्या दुपारी मी दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिले आणि माझ्या पुढ्यात एक बँकेत काम करणारी मुलगी आली. मी तिचा हात धरला, गाणं सुरू झालं आणि पहिल्यांदाच माझे पाय आणि डोकं एका घरात राहायला आले. गाण्यात पुढे काय येतंय ते मला माहीत होतं आणि आता ते सांगायला माझ्याकडे माणूस होतं. कुठे तिला हातभर लांब सोडायचं, कुठे जवळ आणायचं, कुठे नुसतं उभ्या उभ्या डोलायचं. त्या मुलीने शेवटी विचारलं की मी किती वर्षं नाचतेय. मी म्हटलं, महिना झाला असेल. ती हसली, तिला थाप वाटली.

घरी मी सराव करायचे तो स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दाराचं हँडल धरून. फ्रिज चांगला फॉलो होता. जड, शांत, घाई न करणारा. आई दुपारी झोपली की मी मोबाईलवर अगदी हळू गाणं लावायचे. एका रविवारी मी फ्रिजपासून मागे पाऊल घेतलं आणि दारातून आवाज आला,

"मागचं पाऊल एवढं मोठं घेऊ नकोस. पाठीमागच्या जोडीला लागेल."

आई चौकटीला धरून उभी होती. किती वेळ, देव जाणे. मी गाणं बंद करायला धावले, तर तिने हातानेच थांबवलं. मग म्हणाली की तुझे खांदे वर चढतात, पाणी भरलेली घागर उचलल्यासारखे. आणि उजवा हात एवढा घट्ट कशाला?  मी सांगितलं की लॅबच्या वर वर्कशॉप असतं, मी जाते. ती म्हणाली, माहीत आहे. शनिवारी काम वाढतं म्हणतेस आणि घरी येतेस ते गाल लाल करून. कवळ्या करून कुणाचे गाल लाल होत नाहीत.

त्यानंतर तिने माझा ताबाच घेतला. खुर्ची ओढून बसायची आणि मी फ्रिजबरोबर नाचायचे. तिने हजारो जोड्या नाचताना बघितलेल्या. कोण नुसता दाखवायला नाचतो आणि कोण बरोबरच्या माणसासाठी, हे तिला दुरून कळायचं. लीड करणाऱ्याने बोलत राहू नये, हे तिचं आवडतं मत. एक वकील होता म्हणे, नाचताना अख्खा खटला सांगायचा, त्याच्याबरोबरच्या बाया घड्याळ बघायच्या. एक खाटीक होता, अंगाने एवढा थोरला, पण नाचायला लागला की पिसासारखा. त्याच्याबरोबर नाचायला बायकांची रांग लागायची. अशा गोष्टी तिने मला कधीच सांगितल्या नव्हत्या. मला त्या माणसांचे बूट आठवत होते, आणि आई त्यांना वरचा भाग जोडून देत होती. कित्येक वर्षांनी माझ्या लहानपणाला चेहरे आले.

पण मी एकदा, सहज, हात पुढे करून म्हटलं, ये ना, फ्रिजपेक्षा तू बरी, तर ती तडक उठून आत गेली. म्हणाली, मी बघणारी.

आमचं वर्कशॉप संपून पुढच्या शनिवारी नवं सुरू व्हायचं होतं, आणि मधल्या रविवारी दुपारी हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवला होता. नवे-जुने सगळे येणार आणि मुख्य म्हणजे गाणी मोबाईलवरची नाहीत, खरा बँड येणार होता. आईला मी सांगितलं की बँडमध्ये क्लॅरिनेट आहे. ती भाजी निवडत राहिली. रविवारी सकाळी मात्र ती केस धुऊन, राखाडी ड्रेस इस्त्री करून तयार. जिना चढायला आम्हाला बराच वेळ लागला. पोस्टमन वरून उतरून आले आणि त्यांनी तिला दुसऱ्या बाजूने धरलं. तिने त्यांच्या दातांकडे निरखून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी तिला त्या दाताबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं.

हॉलमध्ये गेल्यावर तिने कुठे बसायचं ते स्वतःच ठरवलं. स्टेज म्हणजे नुसता एक लाकडी चौथरा होता. त्याच्या डाव्या बाजूला तिने खुर्ची ठेवायला लावली. क्लॅरिनेट वाजवणारी पंचविशीतली मुलगी होती, नाकात चमकी, पायात कॅनव्हासचे बूट. आई पहिली दोन गाणी डोळे मिटून ऐकत होती. मी विचारलं, कशी वाजवते? म्हणाली, चांगली वाजवते, पण श्वास लपवत नाही. तुझे बाबा लपवायचे. मग थोड्या वेळाने म्हणाली, लपवायला कशाला हवा म्हणा.

मी बँकेतल्या मुलीबरोबर नाचले, पोस्टमनबरोबर नाचले, शिकवणारीबरोबरही. दर वेळी परत आले की आई काहीतरी दुरुस्ती सांगायची. खांदे आता बरे आहेत. डावीकडे बघत जा, तिकडे खांब आहे. मग बँडने एक संथ गाणं धरलं. अगदी हळू नाही, चालण्याच्या गतीचं. मी पाणी प्यायला निघाले होते, ते राहिलं. मी तिच्या खुर्चीसमोर उभी राहिले, वर्कशॉपमध्ये शिकवलं होतं तसा हात पुढे केला आणि शिकवलं होतं तसंच विचारलं,

"नाचायला याल का?"

मी तिला कधी अहोजाहो करत नाही. का केलं, ठाऊक नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग मान वळवून वर चौथऱ्याकडे पाहिलं, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मुलीकडे. बराच वेळ पाहत राहिली. त्या मुलीला काय कळलं कोण जाणे, वाद्य तोंडात तसंच ठेवून तिने भुवया उंचावल्या आणि मान डोलावली. आई उठली.

तिचं वजन असं काही नव्हतंच. मी तिला कडेला, खांबापासून लांब नेलं. मोठं काही करायचं नाही, वळवायचं नाही, नुसतं डोलत पावलं टाकायची असं मी ठरवलं होतं. पण पहिल्या काही पावलांतच मला कळलं की ती वाट पाहतेय. जे मला फॉलो करताना एकदाही जमलं नाही, ते तिच्याकडे आयतंच होतं. माझा हात जरा सैल झाला की ती तिथेच थांबायची, जरा पुढे झाला की निघायची, आणि मधल्या वेळात गाण्याला जागा करून द्यायची. तिचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते. पाठीवर ठेवलेल्या माझ्या तळव्याला तिचा श्वास कळत होता. ती मधेच म्हणाली, "वळव की मला, घाबरतेस काय." मी तिला हळूच वळवलं. ती वळली, ड्रेसचा घेर जेमतेम हलला आणि ती पुन्हा माझ्या हातात आली. आजूबाजूला कुणी थांबून बघत नव्हतं, ते बरं झालं. आम्ही इतर जोड्यांसारखीच एक जोडी होतो.

गाणं संपलं. ती म्हणाली, "एवढंच?"

मी तिला खुर्चीवर आणून बसवलं, पाणी दिलं. तिची छाती वरखाली होत होती पण चेहरा ठीक होता. मी तिच्या पायाशी, चौथऱ्याच्या कडेवर टेकले. बँडवाले आपापसांत काहीतरी ठरवत होते. तेव्हा तिने सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"मी एकदा नाचले होते. तू नव्हतीस. तुला ताप होता, शेजारच्या काकूंकडे झोपवून आले होते. एक माणूस आला, नवखा होता, मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं. मी वर बघितलं, तुझ्या बाबांकडे. ते वाजवतच होते. डोळ्यांनीच जा म्हणाले."

तिने पाण्याचा एक घोट घेतला.

"मग ते गाणं संपेचना. एकदा शेवट आला, वाटलं झालं, तर यांनी परत उचललं. पुन्हा शेवट, पुन्हा उचललं. ड्रमवाला घामाने निथळत होता. तो माणूस मला म्हणतो, बाई, हे काय चाललंय. मला वाटलं, हे चिडलेत. घरी जाताना मी विचारलं, रागावलात का. तर म्हणाले, तुला नाचताना कधी पाहिलंच नव्हतं. मी थांबवलं असतं तर तू जाऊन बसली असतीस."

तिने पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "रेडिओवरची गाणी वेळेवर संपतात. मला ते सहन होत नाही."

मला रडू आलं, पण तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि मीही मग सावरले. इतकी वर्षं मी दोन खुर्च्या आणि दोन बसलेल्या बायका अशीच आठवण धरून होते. माझ्या मनातल्या त्या हॉलमध्ये आई कायम बसलेली, बाबा कायम आपल्या वाजवण्यात बुडालेले. आणि मी तापात पडले होते त्या एका संध्याकाळी बाबांनी अख्ख्या बँडला दम लागेपर्यंत राबवलं होतं, बायकोला पाहत राहायला म्हणून. मला ते पाहायला मिळालं नाही. पण त्या रविवारी, चौथऱ्याच्या कडेवर बसून, मला ते पाहिल्यासारखं वाटलं. पांढरा कोट, फुगलेले गाल आणि डोळे जमिनीवरच्या एकाच जोडीवर.

त्या दुपारी ती आणखी एकदा नाचली, पोस्टमनबरोबर. उठण्याआधी पुन्हा चौथऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्या मुलीने मान डोलावली. मुलीला तोवर हा इथला नियमच वाटायला लागला असावा. पोस्टमन नाचताना बोलतात, त्यामुळे परत आल्यावर आईचं तोंड जरा वाकडं होतं.

घरी येताना ती गाडीत डोळे मिटून बसली होती. दमली असेल म्हणून मी तिला लवकर झोपायला लावलं. तिची उद्या काय गत होणार, पाय धरतील, डॉक्टरकडे न्यावं लागेल, याची मला धास्ती होती. खरंच दोन दिवस तिचे गुडघे दुखले. ती कुरकुरली, तेल लावून घेतलं, माझ्यावर खापर फोडलं.

तिसऱ्या दिवशी मी कामाला निघाले, तर दाराशी कागदी पिशवीत तिचे काळे बूट ठेवलेले. मी विचारलं, हे टाकायचेत का. ती आतूनच म्हणाली की टाकायचे कशाला, मोच्याकडे नेऊन तळ बदलून आण. रबराचा नको, चामड्याचा लावायला सांग. रबराने पाय अडकतो.

लॅबच्या वाटेवर कोपऱ्यावर एक मोची बसतो. त्याने बूट उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, असले तळ आजकाल कुणी मागत नाही, चामडं बाहेरून आणावं लागेल, शनिवारी संध्याकाळपर्यंत देतो. मी म्हटलं, नाही, शुक्रवारी द्या.